पाय टेकेल अशी वाट

“ब्रेक सोड आई, ब्रेक सोड,” इंद्रजित खालून ओरडला.

“सोडू नका काकू, नुसता ढिला करा,” भोईटे वरून म्हणाला.

मधे आत्या होत्या. भैरोबाच्या खिंडीतला उतार, निळी माउंटन बाइक, अंगात माझी ट्रॅकपॅन्ट आणि वर मामांचा जुना पांढरा सदरा, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली करकचून आवळलेला. पुढचं चाक एका दगडाला टेकलेलं आणि मागचं चाक कुठं जावं या विचारात. मी त्यांच्या मागून सायकल हातात धरून चालत उतरत होते. पहिल्याच वळणाला मी खाली उतरले होते आणि परत बसायला साफ नकार दिला होता.

आत्यांनी दोघांपैकी कोणाचं ऐकलं, देव जाणे. सायकल दगडावरून सुटली, दोन-चार उड्या मारून डावीकडे वळली आणि आत्यांसकट घाणेरीच्या जाळीत शिरली.

आम्ही पोचेपर्यंत त्या उठून बसल्या होत्या. कोपर सोललं होतं, केसांत घाणेरीची फुलं अडकली होती.

“काही नाही झालं, काही नाही झालं,” इंद्रजित म्हणाला. ही त्याची सवय. ज्याला लागलंय त्याने तोंड उघडायच्या आधी हाच सांगून मोकळा होतो. “चल आई, बस. आता पुढं नुसता उतार आहे. पायडल मारायलासुद्धा नको.”

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं. “तू ये बसून,” एवढंच म्हणाल्या, सायकल उभी केली आणि हातात धरून खिंड उतरल्या. आम्ही जीपनं घरी आलो. आल्यावर त्यांनी सायकल पुसली, मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीमागं लावली आणि तिच्यावर गोणपाटाचं चवाळं टाकलं. आमच्या घरात ज्या वस्तूवर चवाळं पडतं ती परत उजेडात येत नाही. मामांचं व्यायामाचं यंत्र, बंद पडलेला कूलर, इंद्रजितची गिटार, सगळी तिथंच शांत पडून आहेत.

“आत्या, उद्या सकाळी ग्राउंडवर जाणार ना?” मी विचारलं.

“नको गं. झालं तेवढं पुष्कळ झालं.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याकडे आमच्यात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात, मग आधीचं नातं असो वा नसो. पन्नाशी केव्हाच उलटल्यावर त्या सायकल शिकल्या होत्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलंय, हे जाहीर कारण. खरं कारण मी कधी विचारलं नाही. पण हायस्कूलच्या मैदानावर चकरा मारून त्या घरी आल्या की चहा टाकता टाकता शीळ घालायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना शीळ येते हे मामांनासुद्धा माहीत नव्हतं. “आज आठचा आकडा काढला,” त्या मला हळूच सांगायच्या. “दोनदा. एकदा उलटा.” माझी लेक चिमी तेव्हा रांगायला लागली होती. रात्रभर तिच्यामागं जागून मी ओट्याला टेकून कशीबशी उभी असायचे, आणि ती शीळ ऐकली की वाटायचं, आजचा दिवस निघेल.

खिंडीनंतर शीळ बंद झाली. चहा तसाच, वेळेवर, आलं घालून. नुसता मुकाट.

हे सगळं सुरू झालं ते एका चांगल्या कल्पनेतून. नवऱ्याच्या चांगल्या कल्पनांची मला तेव्हापासून धास्ती बसली आहे. इंद्रजित आणि भोईटे हे शाळेपासूनचे मित्र. एक कंपनीत शिफ्ट करतो, दुसरा कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि रविवार उजाडला की दोघं सायकली घेऊन कुठल्या तरी डोंगरावरून स्वतःला खाली सोडून देतात. त्यांनी ठरवलं, ज्या बायकांनी जन्मात मातीवर सायकल घातली नाही अशा नवशिक्या बायकांची एक फेरी काढायची. पोस्टर करून सगळ्या ग्रुपवर पाठवलं. त्यावर हेल्मेट घातलेल्या आत्यांचा फोटो आणि खाली ओळ, ‘काकूंना जमतं, तुम्हाला का नाही?’ गल्लीतल्या, भजनी मंडळातल्या बायकांनी आत्यांकडे बघून भराभर नावं दिली. आता फक्त वाट ठरवायची राहिली होती, आणि त्याची चाचणी म्हणून आम्हा सासूसुनांना खिंडीत नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोईटे घरी आला. येताना आत्यांच्या कोपरासाठी मलम घेऊन आला होता. माणूस वाईट नाही.

“चूक आमचीच झाली वहिनी,” तो म्हणाला.

मला जरा आशा वाटली.

“खिंडीचं पहिलं वळण थोडं आवळ आहे. आपण गुरवाच्या माळावरून घ्यायला पाहिजे होतं.” त्याने मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यावर एक लाल रेघ वरून खाली घरंगळत आली होती. “हा ट्रेल म्हणजे लोणी आहे, लोणी. सायकली जीपच्या टपावर टाकायच्या, वरपर्यंत गाडीनं जायचं आणि मग नुसतं सुटायचं.”

“लोण्यावरून पाय घसरतो भावजी.”

“चढ एकही नाही,” इंद्रजित म्हणाला. “बायकांना दम लागायचा प्रश्नच नाही. नवशिक्यांसाठी याच्याएवढं सोपं काही नाही.”

“आणि मधेच कोणाला थांबावंसं वाटलं तर?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी परक्या भाषेत बोलल्यासारखं.

“थांबायचं कशाला?” भोईटे म्हणाला.

त्यांचाही दोष नव्हता. त्यांच्यात एक पद्धत आहे. ट्रेलवर ज्याचा पाय जमिनीला टेकेल त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. वर्षानुवर्षं हे चालू आहे. कोणाचा पाय कुठं टेकला याच्या गोष्टी लग्नाच्या पंगतीत निघतात. त्यामुळे वाट सोपी की अवघड हे ठरवायचं त्यांचं माप एकच, दोघंही पाय न टेकता खाली आले की वाट सोपी. गुरवाच्या माळावरून दोघं पाय न टेकता आले होते. संपला विषय.

“परत फिरायचं झालं तर?” मी हट्टानं विचारलं.

“उतारावरून परत कोण फिरतं?”

“तुम्ही सायकलवर शेवटचं कधी घाबरला होतात?”

भोईटेनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “परवा घाबरलो होतो. पण ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये.”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माझं नाव काढा रे त्यातून.”

“आई, असं कसं? तुझा फोटो बघून लोकांनी नावं दिलीत.”

“मग फोटोलाच ने.”

“कुंभारकाकू म्हणत होत्या, तू नसलीस तर त्याही येणार नाहीत.”

“शहाणी आहे ती,” आत्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेल्या.

इंद्रजित माझ्याकडे वळला. “तू समजाव ना तिला. तुझं ऐकते ती. एकदा पडल्यावर लगेच परत बसायला पाहिजे, नाहीतर मनात भीती राहते. हे सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना म्हणजे तुम्हा दोघांना.”

“शर्वरी, सायकल आहे ती. वाघ नाही.”

का कोण जाणे, त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. कालपासून मी त्या टाकीमागच्या चवाळ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “वाट मी ठरवते.”

“तू?” इंद्रजित हसला. “अगं, तू तर पहिल्या वळणाला उतरलीस.”

“म्हणूनच.”

भोईटे म्हणाला, “ठरवू दे रे वहिनींना. दोन रविवार आहेत अजून.” त्याचा चेहरा असा, की लहान मुलाला पोळी लाटायला दिली आहे.

वाटा बघायच्या म्हणजे चिमीला घेऊनच बघायच्या. दुपारी ती फक्त बाबागाडीत झोपायची, आणि तीही गाडी चालती असेल तोवर. थांबली की टक्क जागी. भाऊबीजेला माझ्या भावाने दिलेली ती बाबागाडी शहरातल्या गुळगुळीत फरश्यांसाठी केलेली, चाकं पेल्याएवढी. मी तिला घेऊन निघाले. खाणीमागची वाट रुंद होती, पण खडी इतकी सुटी की चिमी तीन पावलांत उठली. तळ्याची वाट छान, तिथं ती झोपली, मग कुत्री मागं लागली आणि आम्ही दोघी पळत परत आलो. एक वाट एका माणसानं सुचवली, ती थेट त्याच्याच गोठ्यात जात होती. उन्हानं डोकं दुखायचं, घरी आल्यावर धुणं तसंच पडलेलं असायचं आणि इंद्रजित विचारायचा, “मिळाला का हिमालय?” मी उत्तर देत नव्हते. उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडायला लागणारी झोप माझ्यापाशी नव्हती.

कालव्याची वाट शेवटी सापडली. गावाबाहेर कालव्याच्या भरावावरून मुरमाची वाट जाते, जीप जाईल एवढी रुंद. एका बाजूला पाणी, पण मधे हातभर उंच बांध आणि बांधावर करंजाची झाडं. दुसऱ्या बाजूला ऊस. थोड्या थोड्या अंतरावर वाटेखालून पाणी जायच्या मोऱ्या, आणि प्रत्येक मोरीपाशी डांबरी रस्त्याला जायला पायवाट. चिमी पहिल्या मोरीलाच झोपली ती वाट संपते त्या बंधाऱ्यापर्यंत. एका ठिकाणी दगड उघडे पडले होते तिथं चाळवली, तेवढे मी हातानं उचलून बाजूला टाकले. मग मुद्दाम मधेच गाडी वळवून बघितली. कुठंही वळत होती, एका झोकात.

दुसऱ्या दिवशी इंद्रजितला दाखवायला नेलं. तो एकदा जाऊन आला, मग एक हात सोडून जाऊन आला, मग दोन्ही हात सोडून.

“शर्वरी, ही काही वाट नाही. इथं काही घडतच नाही.”

“तेच हवंय.”

“माउंटन बाइकिंग म्हणून पोस्टर केलंय आपण. माउंटन कुठाय?”

“तो काय समोर.” मी अजिंक्यताऱ्याकडे हात केला. “बघायला आहे.”

“झोप येईल लोकांना.”

“चिमीला आली.”

त्याने कपाळावर हात मारला. पण आत्या येणार असतील तरच बाकीच्या येणार, आणि आत्यांना विचारायची हिंमत त्याच्यात नव्हती. त्यामुळे वाट तीच ठरली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. त्या पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर चिमी उताणी, तिला तेल लावणं चाललं होतं. चिमी प्रत्येक हाताला खिदळत होती.

“आत्या, कालव्याला याल का?”

“कालवा बघितलाय मी.”

“सायकलवर.”

त्यांनी चिमीची पावलं एकमेकांवर चोळली. “तुला राग येईल, पण खरं सांगू? पडल्याचं मला काही नाही. खरचटतं, खपली धरते, जातं. आयुष्यात काय कमी वेळा पडलेय का. पण मला थांबायचं होतं गं. दगड लागला तेव्हाच थांबायचं होतं. खाली पाय शोधला तर जमीनच नाही, सीट ही एवढी उंच. वर हा ओरडतोय, खाली तो ओरडतोय. मी काय म्हणतेय हे ऐकायला कोणी रिकामं नाही.” मग चिमीला पालथी करत, “मैदानावर कसं, नको वाटलं की थांबता येतं.”

“सीट मी खाली करते. दोन्ही पाय टेकतील एवढी.”

“इंद्रा म्हणतो तशानं गुडघे दुखतात.”

“गुडघे कोणाचे?”

त्या हसल्या. खिंडीनंतर पहिल्यांदा. “येते,” म्हणाल्या. “पण एकदाच. आणि शेवटचं. नंतर ती सायकल कोणाला तरी देऊन टाकायची, अडगळ नको. आधीच सांगते, मग कुरकुर करायची नाही.”

म्हणजे एक रविवार होता माझ्याकडे; इंद्रजितलाही तसंच सांगितलं. त्यात जे होईल ते होईल.

सीट खाली करताना इंद्रजित बाजूला उभा राहून मला शास्त्र सांगत होता. पाय किती सरळ पाहिजे, ताकद कुठून येते. मी पाना फिरवत राहिले. “हे बघायला सुद्धा कसंतरी वाटतं,” तो म्हणाला. मी म्हणाले, “बघू नकोस.”

रविवारी सकाळी पहिल्या मोरीपाशी सगळ्या जमल्या. कुंभारकाकू साडीच्या खाली सुनेची लेगिंग घालून आल्या होत्या आणि सगळ्यांना दाखवत होत्या. कोणी नवी हेल्मेटं उलटी घातली होती. भोईटे पुढं, इंद्रजित मधे, आणि मी बाबागाडी घेऊन सगळ्यांच्या मागं पायी. आत्या सर्वात शेवटी निघाल्या, म्हणजे माझ्या जरा पुढं. त्या इतक्या सावकाश चालवत होत्या की मला चालत त्यांना गाठता येत होतं. मधेच पाय टेकायच्या, मागं वळून चिमीकडे बघायच्या, परत निघायच्या. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेत होते. समोर करंजाच्या सावलीतून त्या बायकांचे आवाज येत होते, “अगं गिअर कुठं असतो, अगं मला विचारू नकोस, मी ब्रेक शोधतेय.” सगळं बरं चाललं होतं.

मग उसातून म्हशी आल्या.

एवढ्या वेळा मी त्या वाटेनं गेले, म्हशी कधी दिसल्या नव्हत्या, कारण मी जायचे दुपारी. सकाळी त्या पाण्यावर येतात हे मला सुचलंच नाही. पुढच्या बायका आधीच पार झाल्या होत्या. आत्या आणि त्या कळपामध्ये काही पावलं उरली होती. एक थोरली म्हैस वाटेच्या मधोमध येऊन थांबली आणि आत्यांकडे बघत राहिली.

आत्यांनी दोन्ही पाय टेकले. उतरल्या. सायकल बांधाला टेकवून तिच्याआड उभ्या राहिल्या. म्हशी एकेक करून गेल्या, शेपट्या हलवत, कसली घाई नसल्यासारख्या. शेवटची गेली तेव्हा मी जवळ पोचले. आत्यांनी अजून सायकल सोडली नव्हती. मी गाडी हलवत ठेवली, चिमी उठू नये म्हणून.

पुढून इंद्रजित माघारी आला. “काय झालं? सगळ्या बंधाऱ्याला पोचत आल्यात.”

“मी इथून परत जाते,” आत्या म्हणाल्या.

“परत? अगं आई, अर्ध्याहून जास्त झालंय. पुढं तर याहून सोपं आहे. चल, मी बाजूनं येतो.” त्याने आत्यांच्या सायकलचं हँडल धरलं. “बस फक्त. थोडंच राहिलंय.”

“इंद्रा, नको.”

“सगळ्या वाट बघतायत. तिथं फोटो काढायचाय. तुझ्यावाचून कसं?”

भोईटेही आला. “काकू, म्हशी काय करत नाहीत हो. चला, आम्ही आहोत ना दोघं. इथवर आलात, आता सोडायचं नाही.”

आत्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या सायकलच्या चाकाकडे बघत होत्या, आणि मला दिसलं की त्या आता बसतील. ऐकतील, बसतील, बंधाऱ्याला पोचतील, फोटोत उभ्या राहतील, आणि घरी जाऊन चवाळं टाकतील.

मला एकदम आमची आतली खोली आठवली. चिमी नुकतीच महिन्याची झालेली. ती अंगावर पीत नव्हती, मी रडत होते, आणि माझ्याभोवती बायकाच बायका. माझी आई, माझी मावशी, शेजारणी. सगळ्या मायेनं सांगत होत्या, अगं सोपं असतं, आपोआप जमतं, अजून जरा प्रयत्न कर, एवढी आलीस ना इथवर, थोडंच राहिलंय. आत्या आत आल्या. त्यांनी चिमीला माझ्या मांडीवरून उचललं. “आज नको जमू दे,” म्हणाल्या. “मी वाटीचमच्यानं पाजते. तू झोप. संध्याकाळी बघू, नाहीतर उद्या बघू.” मग सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दार ओढून घेतलं. मी दिवस मावळेपर्यंत झोपले होते. इंद्रजितला यातलं काही माहीत नव्हतं. तो शिफ्टवर होता.

“सायकलवरून हात काढ,” मी म्हणाले.

“अगं पण—”

“काढ.”

त्याने काढला. माझा आवाज चढला नव्हता, पण काहीतरी ऐकू गेलं असावं, कारण भोईटेसुद्धा एक पाऊल मागं सरला.

“वळवा आत्या,” मी म्हणाले. “मोरीपासून पायवाटेनं डांबरीवर जा हवं तर. नाहीतर आलात तशा.”

त्यांनी सायकल वळवली. वाट रुंद होती. बसल्या, एकदा पाय टेकला, मग दुसऱ्यांदा बसल्या आणि गेल्या. मामांचा पांढरा सदरा करंजांच्या सावलीतून लहान होत गेला.

“झालं समाधान?” इंद्रजित म्हणाला. तो खरंच दुखावला होता. “जरा धीर दिला असता तर पोचली असती. आता ती परत कधी बसणार नाही. तूच म्हणाली होतीस ना, एकच रविवार आहे?”

मलाही तेच वाटत होतं. मी म्हणाले, “फोटो काढून या तुमचा,” आणि गाडी पुढं ढकलली. बंधाऱ्यापर्यंत जाईतो मी त्याच्यावर चिडत होते, मग भोईटेवर, मग म्हशींवर, आणि परत येताना फक्त स्वतःवर. बाकीच्या बायका खूश होत्या. कुंभारकाकू पुढच्या फेरीचं विचारत होत्या. मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं.

सगळ्यांना मार्गी लावून, चिमीला खायला घालून आम्ही घरी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी आधी मागच्या अंगणात गेले. चवाळं टाकीच्या कडेला घडी करून ठेवलं होतं. सायकल नव्हती.

देऊन टाकली, मला वाटलं. बोलल्या होत्या तसं. इतक्या लगेच.

मामा पडवीत पेपर वाचत होते.

“आत्या कुठं गेल्या?”

“सकाळी आली, पाणी प्यायली, पोहे खाल्ले आणि परत गेली.” त्यांनी पान उलटलं. “म्हटलं कुठं, तर म्हणाली, म्हशी गेल्या का बघून येते. मी काय विचारणार अजून? तुमच्यात काय चाललंय ते तुमचं तुम्हाला.”

इंद्रजित आंघोळीला गेला होता. चिमीला मी मामांच्या मांडीवर ठेवलं आणि रिक्षा करून कालव्याला गेले. पहिल्या मोरीपासून पुढं चालत. वाटेवर चाकाच्या खुणा पुष्कळ होत्या, सकाळच्या, एकमेकींत मिसळलेल्या, त्यातून काय कळणार. पाणी संथ होतं, बगळे उतरले होते, माणूस कोणी नाही.

मग शीळ ऐकू आली.

आत्या म्हशींच्या जागेवरून येत होत्या. सावकाश, मैदानावर जायच्या तशाच. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी दोन्ही पाय टेकले. तोंड उन्हानं लाल झालं होतं, सदरा पाठीला चिकटला होता.

“तू कशाला आलीस? पोरगी कुठाय?”

“मामांपाशी. आत्या, सकाळपासून इथंच आहात?”

“तिथवर जाते आणि वळते.” त्यांनी मागं मान उडवली. “गर्दीत जमेना बघ. सगळे पुढं पुढं. आता किती वेळा झालं कोण जाणे.”

“बंधाऱ्यापर्यंत गेलात?”

“बंधारा कशाला? त्या म्हशींच्या जागेपर्यंत. पुढचं पुढं बघू, काय पळून चाललाय का बंधारा.” त्यांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, पदर नव्हता म्हणून सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसला. मग कोणी ऐकत असल्यासारखं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

“घरी त्या दोघांना बोलू नकोस हं यातलं काही,” त्या म्हणाल्या. “लगेच नवा डोंगर शोधायला बसतील.”